पीएसएलव्हीत घन-द्रव-घन-द्रव का?

पीएसएलव्हीचा, म्हणजे उपग्रह कक्षेत नेणाऱ्या इस्रोच्या यानाचा, विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो: पहिला टप्पा घन इंधनाचा, दुसरा द्रव, तिसरा परत घन, चौथा परत द्रव, ही खिचडी कशासाठी? तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

छापील उत्तर असं, की घन इंधन दणकून रेटा देतं आणि द्रव इंधनावर ताबा ठेवता येतो, म्हणून दोन्हींचा मेळ घातला. चूक नाही, पण अपुरं आहे. यान आखताना हाताशी काय होतं, हे पाहिल्याशिवाय त्याची रचना कळत नाही.

हाताशी होती ती घन इंधनाची विद्या. केरळातल्या थुंब्याहून सोडलेल्या छोट्या अग्निबाणांपासून ती मुरत आली होती. 18 जुलै 1980 रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत नेणारं एसएलव्ही-3 चारही टप्पे घन असलेलं होतं. उंची 22 मीटर, वजन 17 टन, आणि वाहून न्यायचं फक्त 40 किलो! मग त्यालाच दोन बाजूंना बूस्टर, म्हणजे सुरुवातीला जादा रेटा देणारी रॉकेटं, बांधून एएसएलव्ही केलं. 1987 साली बूस्टर जळून संपले आणि पहिला टप्पा पेटलाच नाही; 1988 चं उड्डाणही फसलं. एएसएलव्हीचं नाव आज कुणी काढत नाही. मला हा अन्याय वाटतो, कारण बूस्टर जोडणं आणि उडता उडता मार्ग सुधारणं हे धडे तिथेच गिरवले गेले.

पीएसएलव्हीला मात्र टनभराचा उपग्रह ध्रुवीय, म्हणजे ध्रुवांवरून जाणाऱ्या, कक्षेत न्यायचा होता. त्यासाठी पहिला टप्पा केला तो सुमारे 139 टन घन इंधनाचा. अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची पूड आणि हे सगळं धरून ठेवणारं रबरासारखं बाइंडर. पाच तुकड्यांत ओतायचं आणि श्रीहरिकोट्याला जोडायचं. द्रव इंधनाचं मोठं इंजिनही तोवर येत होतं. 1974 च्या कराराने आपले अभियंते फ्रान्समध्ये एरियान रॉकेटच्या व्हायकिंग इंजिनावर काम करायला गेले आणि त्या बदल्यात, पैसे न मोजता, तंत्र मिळालं. त्यातून ‘विकास’ झालं. पण पहिल्या टप्प्याइतका रेटा हवा तर विकासचं जुडगंच बांधावं लागलं असतं. एक इंजिन दुसऱ्या टप्प्याला नेमकं पुरलं. तिसऱ्याला वजनाने हलकं, आटोपशीर काही हवं होतं, तिथे पुन्हा घन.

चौथा टप्पा माझा लाडका. घन इंधन भुईनळ्यासारखं, एकदा पेटलं की संपेपर्यंत जळणार. शेवटी वेग किती भरेल यात थोडं उणं-अधिक होतंच. कक्षेत वेग सेकंदाला साडेसात किलोमीटर असतो. त्यात सेकंदाला एका मीटरचा फरक पडला, तरी कक्षेची पलीकडची बाजू साडेतीन किलोमीटरहून जास्त वर-खाली सरकते. चौथ्या टप्प्याची दोन छोटी इंजिनं हवा तो वेग भरला की बंद होतात, गरज पडली तर पुन्हा पेटतात. म्हणून एकाच उड्डाणात वेगवेगळ्या कक्षांत उपग्रह सोडता येतात.

हाताशी असलेलं वापरण्याची ही सवय पीएसएलव्हीनंतरच्या मोठ्या यानात, जीएसएलव्हीत, टोकाला गेली. मध्ये पीएसएलव्हीचाच घन पहिला टप्पा, भोवती एकेक विकास इंजिन असलेले चार द्रव बूस्टर. एरवी बाजूचे बूस्टर आधी संपतात आणि गळून पडतात. इथे मधलं घन इंधन शंभरेक सेकंदांत संपतं, बूस्टर दीडशेच्या आसपास जळत राहतात, आणि तोवर ते रिकामं पोलादी नळकांडं निमूटपणे वर ओढत नेतात. कोऱ्या कागदावर कुणी असं चित्र काढणार नाही. पण भरवशाचा टप्पा तयार होता, आणि 1993 मध्ये अमेरिकेच्या दबावाने रशियाने क्रायोजेनिक (अतिथंड द्रव हायड्रोजन-ऑक्सिजनवर चालणाऱ्या इंजिनाचं) तंत्र द्यायला नकार दिल्यावर खरी डोकेदुखी वरच्या टप्प्याची होती.

त्यानंतरच्या एलव्हीएम-3 या यानात क्रम सरळ झाला: बाजूला दोन घन बूस्टर, मध्ये विकासची जोडी, वर क्रायोजेनिक.

यावर लगेच पुढचा प्रश्न येतो, पीएसएलव्ही परत का उतरत नाही? उतरायचं तर इंजिन विझवून पुन्हा पेटवता आलं पाहिजे, आणि 139 टनांचा तो पहिला टप्पा विझतच नाही. सप्टेंबर 2024 मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या नव्या पिढीच्या यानाचा पहिला टप्पा पुन्हा वापरायचा आहे. म्हणून त्याला मिथेन आणि द्रव ऑक्सिजनवरची इंजिनं योजली आहेत.