त्र्यंबक रोड ते बाळ येशू: उपवासकाळातली वारी

नाशिकच्या त्र्यंबक रोडला चालणाऱ्या माणसांची सवय आहे. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला निघालेल्या दिंड्या याच रस्त्याने त्र्यंबकेश्वरी जातात, आणि आमचं होली क्रॉस चर्चही याच रस्त्यावर. शेजारच्या काकू दरवर्षी त्या दिंडीत असतात. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मला आमच्या वारीला निघायचं असलं की आदल्या रात्री त्या खोबरेल तेलात कापूर घालून वाटी घेऊन येतात. "टाचांना चोळून झोप. आणि नवी चप्पल घालायची नाही," एवढं बजावतात आणि जाता जाता आपल्याकडचा तांदळाचा पुडा माझ्या पिशवीत टाकतात.

आमची वारी उलट्या दिशेची. त्र्यंबक रोडवरून निघायचं, शहर ओलांडून द्वारका चौकात पुणे रोड धरायचा आणि नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिरात, म्हणजे बालरूपातल्या येशूच्या चर्चमध्ये, पोचायचं. अंतर दहा किलोमीटरच्या आसपास. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला मुंबई-वसईहून माणसं लोटतात, तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नसते. ती गर्दी ओसरली की उपवासकाळातल्या एका शनिवारी पहाटे आम्ही निघतो. यंदा तो 22 मार्च 2025 होता. वाटेत थांबत थांबत क्रुसाच्या वाटेची चौदा स्थानं करायची, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटेवरचा एकेक प्रसंग आठवत प्रार्थना करायची, एक लाकडी क्रूस आळीपाळीने खांद्यावर घ्यायचा, आणि दुसऱ्या खांद्याला प्रत्येकाने आपापली धान्याची पिशवी. त्या पिशवीशिवाय आमच्यात कुणी वारीला येत नाही.

यंदा उपवासकाळ 5 मार्चला, राखेच्या बुधवारी सुरू झाला. त्याआधी घरोघरच्या वाळलेल्या झावळ्या चर्चमध्ये जमा होतात. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वाद घेऊन आणलेली ती पाती वर्षभर घरातल्या क्रुसामागे खोचलेली असतात. काढताना हाताला जळमटं लागतात, रंग पार उडालेला असतो. लोखंडी घमेल्यात टाकून काडी लावली की भडका उडतो आणि बघता बघता मूठभर राख उरते. ती वस्त्रगाळ करून बुधवारी आमच्या कपाळावर येते. मग ईस्टरपर्यंत वेदीवर फुलं नाहीत, 'आलेलुया'चा जयघोष नाही, फादरांची वस्त्रं जांभळी.

चर्चचा नियम तसा सौम्यच आहे. 18 ते 59 वयाच्यांनी राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) हे दोन दिवस एकवेळ पोटभर जेवून काढायचे, 14 वर्षांवरच्यांनी उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस टाळायचं. आमच्या आया-आज्यांनी मात्र नियमाहून जास्त पाळलं. माझी आजी राहात्याकडची. उपवासकाळात भात टाकताना ती रोज एक मूठ तांदूळ गाडग्यात काढायची आणि त्या दिवशी घरात तेवढा भात कमी शिजायचा. कुणी म्हटलं की महिनाअखेरीला एकदम किलोभर देऊन टाकू, तर ऐकायची नाही. "वाचवलेला घास परत आपल्याच डब्यात जायला नको," हे तिचं म्हणणं. मी तेच करते. शहरातल्या फ्लॅटमध्ये गाडगं नाही, स्टीलचा डबा आहे, इतकाच फरक. वारीला निघताना हाच डबा पिशवीत रिकामा करायचा.

पहाटे चारला चर्चच्या आवारात फादरांनी छोटी प्रार्थना घेतली. 2025 हे कॅथलिक चर्चचं ज्युबिली वर्ष, पंचवीस वर्षांनी येणारं, आणि त्याचं ब्रीद 'आशेचे यात्रेकरू', म्हणून यंदा तरुण मुलं-मुली नेहमीपेक्षा जास्त होती. मुलांनी टाळ घेतले होते. पहिली दोन स्थानं त्र्यंबक रोडवरच झाली. पुढे सीबीएस बसस्थानकाकडे येताना डावीकडे शरणपूर राहतं. तो भाग आमच्या कॅथलिक चर्चचा नव्हे, अँग्लिकन मिशनऱ्यांनी 1854 च्या सुमारास वसवलेला. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे राहायची, शिकायची. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेले संशोधक लिव्हिंग्स्टन यांचं पार्थिव घेऊन 1874 मध्ये लंडनपर्यंत गेला. बरोबरच्या मुलांना मी दरवर्षी ही गोष्ट सांगते. आपल्या शहराने कुणाकुणाला आसरा दिला ते त्यांना ठाऊक असलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

शालिमारला आलो तर रस्त्याच्या कडेला रंगपंचमीचे डाग अजून होते. तीनच दिवस झाले होते, आणि जुन्या नाशकातली रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा हौद, खेळून आलेल्यांचा रंग काही लगेच जात नाही. आमच्यातल्याच दोन पोरांचे कान अजून केशरी होते.

द्वारकेच्या जरा अलीकडे एक चहावाला जागा होता. रमजान चालू होता, सहरीची वेळ. बाकड्यावर चार-पाच माणसं घाईघाईने खाऊन घेत होती. क्रूस बघून एक चाचा उठले आणि त्यांनी विचारलं, "तुमचाही रोजा आहे का?" आमच्यातले एक काका म्हणाले, "आहे, चाळीस दिवसांचा. पण तुमच्याइतका कडक नाही." चाचांनी चहावाल्याला खूण केली आणि आमच्यातल्या म्हाताऱ्यांना कटिंग चहा मिळाला. पैसे घ्यायला तो तयार होईना.

पाचवं स्थान तिथून जवळच, द्वारकेच्या उड्डाणपुलाखाली. कुरेनेकर शिमोनाला शिपाई येशूचा क्रूस उचलायला लावतात, ते हे स्थान. मला चौदांतलं हेच सगळ्यात जवळचं. शिमोन काही भक्ती म्हणून आला नव्हता. शेतावरून येत होता, वाटेत धरला गेला आणि ओझं खांद्यावर आलं. आपल्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला सेवा अशीच येते: सासूबाई अंथरुणाला खिळतात, शेजारच्याची नोकरी जाते, भावाची मुलं आपल्याकडे राहायला येतात. मनात आधी कुरकुर असते. पण खांद्याला लाकूड लागल्यावर समोरच्या माणसाला ते किती जड होत होतं ते कळतं. त्या पुलाखाली क्रूस माझ्या खांद्यावर होता. लाकडाच्या एका कडेला रंधा नीट मारलेला नाही, ती कड नेमकी मानेजवळ टोचते. दर वर्षी कुणीतरी म्हणतं की घासून घेऊ, आणि मी म्हणते राहू द्या.

नासर्डी पूल ओलांडला तेव्हा उजाडू लागलं होतं. नंतरची स्थानं भरभर झाली, कारण ऊन चढायच्या आत पोचायचं होतं. मार्चअखेरीचं नाशिकचं ऊन नऊनंतर डोक्यावर बसतं.

बाळ येशूची मूळ मूर्ती प्रागच्या कार्मेल मठात आहे. 1628 मध्ये पोलिक्सेना नावाच्या सरदार घराण्यातल्या बाईंनी ती मठाला दिली. नाशिकच्या बाळ येशूपुढे मात्र मराठीत गाऱ्हाणी मांडली जातात, आणि तीही अगदी घरातल्या मुलाशी बोलावं तशी. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, अर्पणाच्या वेळी आमच्या पिशव्या वेदीपुढे रचल्या. नंतर टेम्पो आला, धान्य परत आमच्या चर्चच्या हॉलकडे निघालं, आणि वारीचं खरं काम तिथे सुरू झालं.

हॉलमध्ये सतरंज्या अंथरून आम्ही बायका धान्य निवडायला बसतो. पहिल्यांदा येणाऱ्या मुलींना वाटतं, सगळा तांदूळ एका पिंपात ओतायचा आणि किलो-किलोचे पुडे करायचे. तिथे एक मावशी आहेत, भल्या मोठ्या घरात स्वयंपाक करण्यात आयुष्य गेलेल्या. त्या कुणाला पिंपापर्यंत जाऊ देत नाहीत. प्रत्येक पिशवीतले चार दाणे तळहातावर घेतात, नखाने मोडून बघतात आणि सांगतात: हा कोलम, हा इंद्रायणी, हा रेशनचा जाड. जुना वेगळा, नवा वेगळा. एकत्र केला तर एक दाणा गाळ होतो आणि दुसरा कच्चा राहतो. "दान आहे म्हणून कसाही भात खायचा का त्यांनी?" त्या विचारतात. मी दयाधर्मावर प्रवचनं पुष्कळ ऐकली आहेत. या मावशींच्या शेजारी बसून तांदूळ निवडताना जे कळलं ते त्यांतून कळलं नव्हतं.

पुडे पुढे जातात ते सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या मंडळींमार्फत. 1833 मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसोबत ही संस्था सुरू केली आणि तिची मुळातली रीत अजून तीच आहे: गरजू माणसाला रांगेत बोलवायचं नाही, दोघादोघांनी त्याच्या घरी जायचं. घरी गेलं की समजतं की धान्य आहे पण सिलिंडर संपलाय, किंवा रक्तदाबाच्या गोळ्या दिवसाआड घेतल्या जातायत. जात-धर्म विचारायचा नाही. चहा पुढे आला तर नको म्हणायचं नाही, तो घ्यायचाच. समोरच्यालाही काहीतरी देता आलं पाहिजे. बैठकीच्या शेवटी एक कापडी थैली फिरते. सगळ्यांनी बंद मूठ आत घालायची. कुणी किती टाकले, कुणी टाकलेच नाहीत, हे शेजारच्यालाही कळत नाही.

पैशांचं काम जूनमध्ये येतं. उपवासकाळात जमलेली रक्कम आम्ही ईस्टरला वाटून टाकत नाही. शाळेची वह्या-पुस्तकं, गणवेश, फी हे सगळं जूनमध्ये अंगावर येतं, आणि मार्चमध्ये द्राक्षबागेत खुडणीला जाणाऱ्या बायकांच्या हातात तेव्हा काम नसतं.

पवित्र गुरुवारी, 17 एप्रिलला, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून फादरांनी बारा जणांचे पाय धुतले. त्यांत चार बायका होत्या, एक आमच्या कॉलनीत धुण्याभांड्याला येणारी. 2016 पर्यंत हा विधी नियमाने पुरुषांपुरता होता. पोप फ्रान्सिस यांनी तो सगळ्यांसाठी खुला केला. तिच्या पावलांवर पाणी ओतलं गेलं तेव्हा ती अवघडून साडी सावरत होती आणि फादर गुडघ्यावर बसून टॉवेलने तिच्या भेगाळलेल्या टाचा टिपत होते. मला रडू आवरलं नाही. ईस्टर 20 तारखेला झाला, 'आलेलुया' परत आलं, आणि दुसऱ्याच दिवशी पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली. संध्याकाळी चर्च भरलं. धुण्याभांड्याचं काम आटोपून ती बाईही आली आणि शेवटच्या बाकावर बसली.

मे महिना पवित्र मरियेचा. संध्याकाळी एकेका घरी जपमाळ होते आणि ती संपल्यावर यजमान सरबत देतात. याच घरांमधून जूनमध्ये मदत द्यायच्या मुलांची नावं पुढे येतात: कुणाचा दहावीचा मुलगा, कुणाची नर्सिंगला जायची मुलगी.

पुढच्या उपवासकाळात कुणाला आमच्याबरोबर चालायचं असेल तर पहाटे चारच्या आधी आवारात या. कुठल्याही धर्माचे असा. पाण्याची बाटली आणि वापरातली चप्पल. पिशवीत शक्यतो तूरडाळ आणा, नाहीतर शेंगदाणे, गूळ, गोडंतेल. तांदूळ सगळेच आणतात आणि डाळ दर वर्षी कमी पडते.