टाटओर्ट, करीवुर्स्ट आणि रविवारची शिकवणी

रविवारी रात्री सव्वाआठला आमच्या बिल्डिंगमध्ये एकदम सामसूम होते. आठला बातम्या, त्या पंधरा मिनिटांत संपतात आणि लगेच ते निळसर डोळे, त्यावर बंदुकीच्या नेमासारखं फुलीचं वर्तुळ, पळणारे पाय आणि ते म्युझिक. 1970 पासून टायटल जवळजवळ तेच आहे. मी कोलोनला आले तेव्हा जर्मन क्लासच्या बाईंनी सांगितलं की भाषा शिकायची तर टाटओर्ट बघा, सगळा देश बघतो, सोमवारी ऑफिसात बोलायला विषय मिळतो. आईला फोनवर नाव सांगितलं तर म्हणाली, "ताट? म्हणजे जेवणाचा कार्यक्रम का गं?" तर नाही, टाटओर्ट म्हणजे घटनास्थळ, जर्मन टीव्हीवरची खुनाच्या तपासाची मालिका. नव्वद मिनिटं, एक मुडदा, दोन कोमिसार म्हणजे तपास करणारे पोलीस, आणि दर रविवारी बहुतेक वेगळं शहर, वेगळे कोमिसार.

मी सीआयडीवर वाढलेली मुलगी. 1998 पासून शिवाजी साटमांची ती हवेत फिरणारी बोटं, दयाने दार तोडायचं, साळुंखेंच्या लॅबमध्ये रंगीत पाणी, आणि शेवटी खुन्याला एक सणसणीत थोबाडीत आणि फाशीची तंबी. हिशेब क्लिअर. इथं पश्चिम जर्मनीत फाशी 1949 लाच गेली, त्यामुळे खुनी सापडला की तो बसून रडतो, कोमिसार खिडकीबाहेर बघतो, बाहेर पाऊस, आणि आपल्याला असं वाटायला लावतात की खरा दोषी समाज आहे. पहिल्या काही महिन्यांत मला वाटायचं माझंच जर्मन कच्चं आहे, शेवटचा सीन हुकतोय माझा. नंतर कळलं, हुकत काही नाहीये, हाच सीन आहे.

पण मेसेज हा काही नंतर चिकटवलेला प्रकार नाही. 29 नोव्हेंबर 1970 चा पहिलाच भाग घ्या, टॅक्सीनं लाइपझिगला जाण्याचा. पूर्व जर्मनीतून जाणाऱ्या हायवेवर एका लहान मुलाचं प्रेत सापडतं, पायात पश्चिमेकडचे बूट, आणि हॅम्बुर्गचा कोमिसार ट्रिमेल काही बॉर्डरपलीकडे तपास करू शकत नाही म्हणून स्वतःच निघतो. देश दोन तुकड्यांत आहे हे कोणी बोलून दाखवत नाही, टॅक्सीत बसायलाच परवानगीचा लोचा आहे त्यातून ते कळतं. तसंच 1981 ला ड्युइसबुर्गचा कोमिसार शिमान्स्की आला, मळकं जॅकेट, तोंडात शिवी, मागं कारखान्यांची धुराडी. शहराची बदनामी होते म्हणून तिथल्या लोकांनी बोंब मारली होती म्हणे, आणि आता तेच लोक त्याच्या नावाने टुरिस्ट फिरवतात.

मी बघते ते माझ्या वरच्या मजल्यावरच्या आजींबरोबर. म्हणजे आजी मी मनात म्हणते, तोंडावर फ्राउ अमुकतमुकच आणि झी, म्हणजे आपलं अहो-जाहो, सहा वर्षं झाली तरी. त्या ऐंशीच्या आहेत, पहिल्यापासून बघतात आणि मला दहाव्या मिनिटाला सांगतात खुनी कोण. सोप्पंय म्हणाल्या, ज्याच्या घराला काचेची भिंत आणि स्वयंपाकघरात मधोमध ओटा तो. आणि खरंच, दहातल्या सहा वेळा बिल्डर, नाहीतर कारखान्याचा मालक, नाहीतर क्लिनिकवाला प्रोफेसर. मग मी माझा नियम काढला. पहिल्या अर्ध्या तासात जो परदेशी माणूस पोलीस उचलतात तो जवळजवळ कधीच खुनी नसतो. आजी हसल्या. मी पण हसले पण नंतर तो नियम डोक्यात रुतून बसला.

कारण त्याचा अर्थ काय बघा ना. हेतू चांगला आहे, प्रेक्षकाला त्याचा पूर्वग्रह दाखवायचाय, की बघा तुम्ही लगेच त्या अरब पोरावर संशय घेतलात. पण हे "तुम्ही" कोण? मी तर त्यात नाही. मी सोफ्यावर बसून बघतेय की माझ्यासारख्या माणसाला आधी मारलं, मग अटक केली, मग निर्दोष ठरवलं आणि मग कॅमेरा त्याला सोडून कोमिसारच्या अपराधी चेहऱ्यावर गेला. आपल्याबद्दल सगळं चाललंय, आपल्याशी कोणी बोलत नाहीये. आणि मी सुद्धा महिन्याचे 18 युरो 36 सेंट भरते हो! इथं टीव्ही असो नसो, प्रत्येक घराला भरावे लागतात सरकारी नव्हे पण सार्वजनिक चॅनेलसाठी.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण म्हणजे 2007 च्या डिसेंबरमधला हॅनोव्हरच्या कोमिसार लिंडहोमचा भाग. अलेवी, म्हणजे मूळ तुर्कस्तानातल्या एका अल्पसंख्य पंथाच्या, कुटुंबातली मुलगी मेलेली सापडते, संशय ऑनर किलिंगचा, आणि शेवटी निघतं की घरात बापच अत्याचार करतोय. लिहिणाऱ्याला वाटलं असेल आपण ऑनर किलिंगचा साचा मोडला. पण अलेवींमध्ये बायका-पुरुष एकत्र प्रार्थनेला बसतात आणि त्यावरून कट्टर सुन्नी लोक शतकानुशतकं त्यांच्यावर नेमका हाच, घरातल्या घरातल्या संबंधांचा, घाणेरडा आरोप करत आलेत. झालं! काही दिवसांत हजारो लोक आमच्या कोलोनमध्ये रस्त्यावर. लिहिण्याआधी एका तरी अलेवी माणसाला नुसतं वाचायला दिलं असतं ना.

आता उलट उदाहरण, म्हणजे मी काही नुसती रडत नाहीये. म्युनिकचा इवो बाटिच. 1991 ला आलेला, क्रोएशियन मुळाचा कोमिसार, नट मिरोस्लाव्ह नेमेत्स स्वतः झाग्रेबमध्ये जन्मलेला. तीस-पस्तीस वर्षं तो आणि त्याचा जोडीदार कोमिसार लाइटमायर म्हाताऱ्या नवरा-बायकोसारखे भांडत आले, आणि त्याचं क्रोएशियन असणं म्हणजे लाइटमायरला टोमणा मारायला एक विषय, बास. हॅम्बुर्गचा चेंक बाटू पण तसाच, 2008 ला आला, तुर्की मुळाचा पहिला कोमिसार म्हणून पेपरात केवढा गाजावाजा, आणि प्रत्यक्षात तो वेषांतर करून टोळ्यांमध्ये घुसणारा एकटा माणूस निघाला. सहा केसेस, 2012 ला मारून टाकला त्याला. मला फार वाईट वाटलं होतं, मी जुने भाग एका बैठकीत बघितलेले.

बाकी कामाच्या ठिकाणचे विषय यांना छान जमतात. 2009 ला लुडविग्सहाफेनच्या कोमिसार लेना ओडेनथालचा स्वस्त सुपरमार्केटवरचा भाग आला, त्याच्या आदल्याच वर्षी अशा एका मोठ्या साखळीने कर्मचाऱ्यांवर पाळत ठेवल्याचं बाहेर आलं होतं. काउंटरवरच्या बायकांना किती घाईने आयटम स्कॅन करायला लावतात, कशाची भीती घालतात, ते नुसतं दाखवलंय. मी इथं सुरुवातीला एका दुकानात काउंटरवर होते, त्यामुळे ते बघताना माझं मनगट दुखायला लागलं. याउलट 2017 चा उजव्या पक्षाच्या बाईवरचा भाग, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एएफडी ही कट्टर उजवी पार्टी पहिल्यांदा संसदेत गेलेली, त्यात प्रत्येक पात्र प्रेस नोट वाचल्यासारखं बोलतं. आजींना झोप लागली. मेसेज होता म्हणून नाही, भांडण नव्हतं म्हणून. दोन्हीकडचे लोक ठरलेलं बोलत होते. पुन्हा पावणेदहाला टाटओर्ट संपलं की राजकीय चर्चेचा कार्यक्रम असतोच, मग तेच दोनदा कशाला.

कोलोनवाले बाल्लाउफ आणि शेंक तर तात्पर्य चक्क ऱ्हाईनकाठी सॉसेजच्या गाडीवर उभं राहून सांगायचे, मागं कॅथेड्रल, हातात करीवुर्स्ट म्हणजे करी-सॉसमधलं सॉसेज आणि बिअर, "जग काय झालंय रे मॅक्स" छापाचं. मी पुण्याच्या मावसबहिणीला कौतुकाने ती गाडी दाखवायला डॉइट्सच्या काठावर नेलं तर तिथं काहीच नाही! शूटिंगपुरती तिकडं नेतात, एरवी ती नदीच्या दुसऱ्या बाजूला उभी असते. बहीण म्हणे, "तुमचं कॅथेड्रल तरी खरं आहे ना?" पण या जोडीचं एक मानायला हवं. 1998 ला फिलिपिन्समधल्या मुलांच्या लैंगिक शोषणावर त्यांचा भाग आला आणि त्यानंतर या नटांनी आणि टीमने तिथल्या मुलांसाठी संस्था काढली, ती अजून चालू आहे. त्या लोकांना मी सॉसेजवरचं भाषण माफ केलंय.

परवाच्या रविवारी पुन्हा सीरियन पोरगा उचलला, आजींनी माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं तो नाही. त्या म्हणाल्या, "तुला कधीतरी तो खुनी निघायला हवाय का?" मी खूप वेळ विचार केला. खुनी नको, पण म्हटलं वरच्या मजल्यावर राहणारा, आवाज ऐकला का म्हणून कोमिसार ज्याला विचारतो आणि जो डाळ करपेल म्हणून कंटाळून उत्तर देतो, तेवढा तरी असू दे. आजींनी टीव्हीचा आवाज वाढवला.

सोमवारी सकाळी आईचा फोन. "काय गं, कोण निघाला?"

"बिल्डर."

"मग बरोबर आहे की," आई म्हणाली. आमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट अकरा वर्षं रखडलंय.