आवाजासकट

मंगळवार, रात्री उशिरा

फोनमधली जागा संपली म्हणून दुपारी नको असलेलं काढून टाकत बसले होते. तेव्हा तो व्हिडिओ पहिल्यांदा आवाजासकट पाहिला. एरवी आवाज बंदच ठेवते, कारण बाळाचं रडणं नुसतं फोनमधून आलं तरी मला पान्हा फुटतो आणि मग गाऊन बदला. या पावसात आधीच काही वाळत नाही.

व्हिडिओ छान आलाय. पिता पिता तो तोंड सोडतो, मान मागे टाकतो, पाठीची कमान करतो. चेहरा लालबुंद. मग घशाशी काहीतरी येऊन परत गिळल्याचा आवाज, वाकडं तोंड आणि किंकाळी. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं तेव्हा जमलं तर शूटिंग करून ठेवा, पुण्यात तज्ज्ञांना दाखवता येईल. नेमकं तेच मिळालंय. फक्त मागून मी ऐकू येते : "आई, बघ बघ, आत्ता वाकतोय! नीट दिसतंय ना?"

खुशीचा आवाज आहे तो. परसात धनेश पक्षी येऊन बसला की बाबांना हाक मारते, तस्सा.

तेव्हापासून डोक्यात तेच. मला त्याला काहीतरी झालेलं हवंय का?

कालचीच गोष्ट. रात्री चिरंजीव न कुरकुरता झोपले. मी जागीच. श्वास चाललाय ना, म्हणून पोटावर हात ठेवून बघितलं. आणि मनात पहिलं काय आलं, तर "आता हा गुरुवारी पुण्यात तज्ज्ञांकडे जाऊन गोड हसणार." देव पावला वगैरे नंतर आलं, तेही जरा ओढूनताणून. इथल्या डॉक्टरांकडे त्याने हेच केलं होतं. रात्रभर घर डोक्यावर घेतलं आणि वजनकाट्यावर पाय नाचवत स्टेथोस्कोपकडे बघून हसला. माझे केस पिंजारलेले, खांद्याला आंबूस वास आणि पुढ्यात जाहिरातीतलं बाळ. कोण विश्वास ठेवेल?

त्यांनी ठेवला. म्हणाले, या वयाची निम्मी तरी बाळं रोज दूध टाकतात. अन्ननलिका जठराला मिळते तिथलं स्नायूंचं कडं अजून कच्चं असतं, पोटात सगळं पातळ आणि बाळ दिवसभर आडवं, मग वर येणारच. चौथ्या महिन्याच्या आसपास सगळ्यात जास्त, वर्षाचं होईपर्यंत बहुतेकांचं आपोआप थांबतं. गुळणी टाकून पुन्हा खेळायला लागतं त्या बाळाला काही करावं लागत नाही. "पण याला दुखतंय," ते म्हणाले. अर्ध्यात पिणं सोडतो, आठवड्याला 150 ते 200 ग्रॅम वाढायला हवं तिथे 100 च्या आत अडकलाय, म्हणून एकदा पुण्याला पोटाच्या तज्ज्ञांना दाखवून घेऊ. तिथेच मला रडू फुटलं. आईला वाटलं काळजीने. काळजी होतीच. पण खरं तर "दुखतंय" हे माझ्याशिवाय दुसरं कुणी म्हणालं, म्हणून.

कारण तोवर सगळं माझ्यावरच येत होतं. बाळंतिणीने काय खाल्लं? पान्हा जोरात येतो का? तू टेन्शन घेतेस, ते त्याला कळतं. (हे समीरचं, म्हणजे नवऱ्याचं. त्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.) पुण्याच्या आई, म्हणजे सासूबाई, रोज फोनवर ग्राइप वॉटर सुचवतात, "समीरला तर बाटल्याच्या बाटल्या पाजल्या." मी शोधून काढलं, ते 1851 मध्ये इंग्लंडात निघालं आणि सुरुवातीला त्यात चक्क दारू असायची. पोरं शांत का व्हायची ते कळलं. त्यांना सांगितलं नाही. डॉक्टरांनी सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काहीही नको म्हटलंय, घुटीसुद्धा, एवढंच सांगितलं. सहाणेवर उगाळायचं वेखंड आईने गुपचूप फडताळात परत ठेवलं. ते बघून उगाच वाईट वाटलं.

सुलूमावशीचं निदान वेगळंच. "वारा धरलाय गो पोटात. आणि नजर." तिने बेंबीभोवती हिंग लावला, मीठमोहरी उतरवून चुलीत टाकली. मी काही बोलले नाही. हिंग बाहेरूनच आहे, आणि मोहरी तडतडली तेव्हा तो दचकून क्षणभर रडायचा थांबला, हे मान्य करायला हवं. आई मात्र अजून त्याच प्रश्नावर अडली आहे : "एवढ्याशा जिवाला कसलं गं पित्त?"

तिचा खरा राग दुधावर आहे. गाईच्या दुधातलं प्रथिन आईच्या दुधातून उतरतं, काही बाळांना ते सोसत नाही आणि लक्षणं अगदी अशीच दिसतात. म्हणून मी दोन ते चार आठवडे दूध, दही, ताक, पनीर सगळं सोडून बघायचंय. म्हशीचंही चालणार नाही, तूपही नको. माहेरी बाळंतिणीला तूप बंद! आईने डॉक्टरांकडे असं बघितलं की ते चष्मा पुसायला लागले. घरी आल्यावर अबोला. आणि संध्याकाळी नारळ फोडून, रस काढून, त्यात अळिवाची खीर. कोकणात जन्मल्याचं एवढं तरी सार्थक झालं.

बाकी सांगितलेलं सगळं करतेय. थोडं थोडं पाजायचं, मध्ये थांबून ढेकर काढायचा, नंतर वीस-तीस मिनिटं उभं धरायचं. झोळीत पोट दुमडतं म्हणून पाजल्यावर झोळी नाही. झोपवायचं मात्र पाठीवर आणि सपाट, डोक्याखाली उशी नाही. शेजारच्या काकू उशीचा आग्रह धरून बसल्यात. त्यांना सांगितलं, अमेरिकेत उतरत्या बिछान्यांत बाळं गुदमरली म्हणून 2022 मध्ये तसले बिछाने विकायलाच बंदी आली. त्या म्हणाल्या, अमेरिकेचं काय सांगतेस!

रात्री मी त्याला खांद्यावर घेऊन खुर्चीत बसत नाही. बसले की डोळा लागतो आणि त्याचीच भीती वाटते. मग पहाटेची पाळी बाबांची. ते पडवीत येरझाऱ्या घालत त्याच्या कानाशी स्टेशनं म्हणतात. चिपळूण, कामथे, सावर्डा, आरवली, कडवई, संगमेश्वर, उक्षी, भोके, रत्नागिरी. एकाच सुरात, प्रत्येक स्टेशनाला पाठीवर एक थाप. ढेकर बहुतेक संगमेश्वरला येतो. आला नाही तर बाबा कणकवलीपर्यंत जातात, एकदा सावंतवाडी झाली होती. त्याच्या मानेच्या वळीत दह्याच्या कवड्या साचलेल्या असतात, त्या बाबा ओल्या फडक्याने टिपतात. त्यांना कधी विचारावंसं वाटत नाही, की तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल याला. त्यांनाही ते सांगावंसं वाटत नाही.

मी पुन्हा तिथेच येते.

डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे लिहून दिलंय : हिरवी उलटी, रक्त, कारंज्यासारखी जोरात उलटी, फुगलेलं पोट, ताप, शू कमी, श्वासाला त्रास, यातलं काहीही दिसलं तर गुरुवारची वाट बघायची नाही, सरळ दवाखाना. म्हणून प्रत्येक दुपटं धुवायला टाकण्याआधी मी दिव्याखाली धरून बघते. पांढरं. पांढरं. जरा पिवळट, म्हणजे दिवाच पिवळा. आज तसंच एक धरून उभी असताना लक्षात आलं, की यातलं काही निघावं असं मला कधी वाटलेलं नाही. नुसत्या कल्पनेने हात गार पडतात. म्हणजे मोठं काही नकोय मला. मला मध्यम हवंय. नाव असलेलं, कागदावर लिहून मिळणारं, सासूबाईंना फोनवर वाचून दाखवता येईल असं मध्यम आकाराचं काहीतरी!

हे लिहून झाल्यावर हसू आलं. दर्जीकडे माप द्यावं तसा आजार मागतेय.

आणि मिळेलच असंही नाही. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय, नुसत्या रडण्यावर ॲसिड कमी करणाऱ्या औषधांचा फारसा उपयोग होत नाही, तज्ज्ञ कदाचित काहीच देणार नाहीत. म्हणतील, दूध बंद ठेवा, वजन बघत राहा, थांबा. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "थांबायला चिपळूण काय वाईट होतं?" मला तरी जायचंय. 'काही नाही' म्हणाले तर तेही त्यांच्याच तोंडून ऐकायचंय.

समीरला व्हिडिओ पाठवला. त्याने लगेच फोन केला, बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुझा आवाज किती दमलेला येतोय गं त्यात." दमलेला? मी पुन्हा ऐकला. मला तो अजून खुशीचाच वाटतो. राहू दे.

परवा पहाटे निघायचं ठरलंय. कुंभार्ली घाट चढायच्या आधी पाजायचं नाही, हे बाबांनी मला बजावलं आणि मी त्यांना. वर कोयनानगरला थांबून पाजणं, मग गाडीबाहेर उभं राहून रत्नागिरीपर्यंत स्टेशनं, मग पुढे. सीटमध्ये तो पोटात मुडपतो म्हणून थांबे जास्त घ्यायचेत. आई पोळ्यांचे रोल करणार आहे, तेल लावून. पाटणला चहाला थांबू असं बाबा म्हणतात. मी बिनदुधाचा घेणार. त्याला चहा म्हणायचं असेल तर.