परीक्षेला नाही

चौथा तास सातवीवर. महाराजांचं आरमार. खिडकीतून विजयदुर्ग दिसतो त्यामुळे हा धडा तसा आपोआपच शिकवला जातो, १६६४ ला सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं वगैरे सांगून खडू ठेवतच होते तर मागच्या बाकावरची उठली, "बाई, मगे ह्या सगळा आरमार खंय गेला?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच, "माजो आजो सांगता, पेशव्यांनी नि इंग्रजांनी मिळान जाळल्यानी."

मी म्हटलं, ते परीक्षेला नाही गं. बसली बिचारी.

का म्हटलं मी असं? आजोबा काही खोटं सांगत नाहीत. १७५६ चा फेब्रुवारी, समुद्राकडून वॉटसन आणि क्लाइव्ह, जमिनीवरून नानासाहेबांची फौज, मध्ये विजयदुर्गावर आरमाराचा प्रमुख तुळाजी आंगरे. तोफगोळ्यांनी आग लागली नि खाडीत गलबतं एकामागोमाग एक पेटत गेली. हात इंग्रजांचा, पण बोलावणं पेशव्यांचं. आता तुळाजी पण काही साधा नव्हता, पेशव्यांना जुमानत नव्हता, हे सगळं नीट सांगायला तास पुरला नसता हे खरं. पण मी काही तेवढ्यासाठी गप्प बसले नाही ना.

घाबरले का? कोणाला? तिसऱ्या बाकावरच्या मुलाचे वडील... जाऊ दे. पलीकडच्या गावातल्या सरांचं जयंतीच्या भाषणानंतर जे झालं ते डोक्यात होतं. असो.

बावीस वर्षं शिकवतेय. खिचडीचा हिशोब माझ्याकडे, मतदार याद्या माझ्याकडे, ऑनलाइन माहिती रात्री अकराला रेंज आली की भरायची, त्यात इतिहास कधी शिकवायचा माणसाने, कोण विचारतं आम्हाला.

आणि परवा ग्रुपवर मीच केवढं लांबलचक टाकलं होतं! दिल्लीच्या एनसीईआरटीवाल्यांनी २०२३ ला बारावीच्या पुस्तकातून मुघल दरबाराचा धडा काढला, मग आठवीच्या नव्या पुस्तकात मराठ्यांच्या नकाशात जैसलमेर दाखवलं म्हणून राजस्थानात भडकले, आपल्या बोर्डाने २०१७ लाच सातवीचे मुघल आखडते घेतले ते वेगळंच. इतिहासाला कात्री लावणारे तुम्ही कोण, असं ठणकावून लिहिलं होतं. तेरा अंगठे आले. त्यांना निदान समिती नेमावी लागते, मला चार शब्द पुरले की. हसूच आलं नंतर, एकटीच पडवीत बसून हसले, सासूबाई आतून म्हणाल्या काय झालं गो.

संध्याकाळी वह्या तपासायला घेतल्या. तिची वही निघाली. समासात पेन्सिलीने, सुवाच्य अक्षरात : "आरमार कोणी जाळले? – परीक्षेला नाही." खाली पट्टीने रेघ मारलेली.

त्यावर माझी लाल टिक. सवयीने झाली. खोडरबरने जात पण नाही.