बसकरपट्टीच्या मापाच्या खिडक्या

आमच्या पेठेतील मराठी शाळेच्या खिडक्या फारच खाली आहेत, अशी तक्रार नव्याने बदलून आलेले गुरुजी हमखास करतात. जमिनीपासून जेमतेम हातभर उंचीवर चौकट सुरू होते, त्यामुळे बाकावर बसलेल्या मुलाला फळ्यापेक्षा रस्त्यावरची गुरे अधिक स्पष्ट दिसतात. परंतु शाळा बांधली गेली तेव्हा बाके नव्हती. मुले बसकरपट्टीवर मांडी घालून बसत आणि बाहेरचा वारा थेट त्यांच्या अंगाला लागावा, या हिशेबाने गवंड्याने ती उंची धरली होती. पुढे बाके आली, मुले वर सरकली आणि खिडक्या होत्या तिथेच राहिल्या.

दारावरच्या दगडी पाटीवरचे सनाचे आकडे रंगाच्या थरांखाली बुजले असले, तरी ‘डिस्ट्रिक्ट लोकल बोर्ड, पूर्व खानदेश’ ही अक्षरे शाबूत आहेत आणि तेवढ्यावरूनही इमारतीचे वय बरेचसे पकडता येते. खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ मध्ये झाले आणि महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर ती नावे जाऊन जळगाव व धुळे ही नावे आली. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानंतर शाळांचा कारभार वेगळ्या स्कूल बोर्डाकडे गेला. पाटीवर मात्र नुसते लोकल बोर्ड आहे, म्हणून मी ही इमारत त्याआधीची धरतो. छपरावर मंगलोरी कौले आहेत. भोवतालची घरे धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची असताना कौलांचे हे उतरते छप्पर गावात नवलाईचे ठरले असणार, आणि रेल्वे नसती तर ती कौले इतक्या लांबवर येणे अवघडच होते.

बांधणाऱ्यांना दोन गोष्टींशी झगडायचे होते: पायाखालची काळी जमीन आणि डोक्यावरचे ऊन. आमची कपाशीची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर भिंत उभी केली तर ती वर्षातून दोनदा हलते. म्हणून पाया खोल नेऊन मुरमाला टेकवला आहे आणि काळ्या दगडाचे जोते कमरेइतके वर घेतले आहे. नंतर जोडलेल्या स्लॅबच्या खोल्यांना एवढा धीर नव्हता. जुन्या आणि नव्या भिंतीच्या सांध्यात बोट जाईल एवढी चीर पडली आहे आणि दर दिवाळीला सिमेंटने बुजवली, तरी ती वैशाखात पुन्हा उघडते. उन्हाची तोड आणखी साधी आहे. पारा पंचेचाळीसच्या आसपास रेंगाळतो त्या दिवसांत दगड-चुन्याच्या दोन हात जाड भिंतीतून ऊन आत झिरपेपर्यंत सकाळची शाळा सुटलेली असते, तापलेली हवा छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्यांच्या उंचीपर्यंत चढून झरोक्यांतून आणि कौलांच्या फटींतून निघून जाते, आणि पश्चिमेची पडवी उतरते ऊन वर्गाच्या भिंतीपर्यंत पोहोचूच देत नाही. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते तेव्हा पेठेतील म्हातारी मंडळी दुपारभर त्याच पडवीत पत्ते कुटत बसतात. बाजूला पंख्यांची सोय असलेले समाजमंदिर आहे, पण तिकडे बोलावले तर ‘आठे बस भो, आठे गार लागस’ (इथे बस भाऊ, इथे गार लागते) एवढेच उत्तर मिळते.

याच जाड भिंतीत मुख्याध्यापकांच्या खोलीतले फडताळ आहे आणि शाळेचा खरा ऐवज त्यात असे. दाखल-खारीज रजिस्टरांच्या सर्वांत जुन्या नोंदींत मोडीची वळणे आहेत, शाईचा रंग तपकिरी झाला आहे आणि जातीच्या रकान्यात आज कुणी उच्चारणार नाही अशा गावठी नावांची भरती आहे. इतर मागासवर्गीयांच्या जातपडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा विचारतात, त्यामुळे सुरतेला किंवा कल्याणला स्थायिक झालेली माणसे आजोबांचे नाव शोधत येथे येतात आणि ते सापडले की त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढतात. अलीकडे इमारत ‘सुधारण्यासाठी’ चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंट थापून वरून तैलरंग दिला गेला. चुना ओल घेतो आणि सोडतोही. सिमेंटचा थर बसल्यावर ती ओल भिंतीतच अडकली आणि पहिल्याच पावसाळ्यात फडताळाच्या पाठीला बुरशी धरली. रजिस्टरे आता लोखंडी कपाटात हलवली आहेत आणि ओल येते या कारणाने जुन्या खोल्यांच्या निर्लेखनाचा, म्हणजे त्या मोडीत काढण्याचा, प्रस्ताव तयार होत आहे. त्याआधी एकदा तो सिमेंटचा गिलावा खरवडून पाहावा, असे माझे मत आहे. चुना जाणणारे एक-दोन गवंडी अजून आमच्या तालुक्यात आहेत आणि त्यांची मजुरी नव्या खोलीच्या खर्चापुढे किरकोळ ठरेल.