तुम्ही विचारलंत म्हणून: जर्मनीत ‘ते’ येणार का?

लायप्झिगला राहतो म्हटलं की हल्ली पुण्याहून पहिला प्रश्न हाच: ‘तिकडे ते कडवे उजवे येणार म्हणतात, मग तुमचं काय?’

तर, एएफडी. २०१३ साली युरोवर नाराज असलेल्या प्राध्यापकांच्या पुढाकाराने निघालेला हा पक्ष पुढे स्थलांतरितांच्या विरोधावर फोफावला. फेब्रुवारी २०२५च्या संसदेच्या निवडणुकीत २०.८ टक्के मतं, दुसरा नंबर. पण युतीला कुणी तयार नाही. थुरिंगिया राज्यात तर २०२४ मध्ये ३२.८ टक्के घेऊन पहिला आला, तरी बसला विरोधी बाकांवरच.

डाव्यांचं जास्त नवल वाटतं. साहरा वागेनक्नेश्ट यांनी आपलाच ‘डी लिंक’ हा डावा पक्ष फोडून वेगळी चूल मांडली, तेव्हा लिंक संपलीच असं सगळे धरून चालले होते. मग जानेवारी २०२५ मध्ये सीडीयू या मध्यम-उजव्या पक्षाचे नेते मेर्त्स यांनी स्थलांतराबद्दलचा ठराव एएफडीच्या मतांवर पास करून घेतला आणि त्यावर लिंकच्या हाइडी राइशिनेक यांनी केलेलं संतप्त भाषण पोरांच्या फोनवर फिरत राहिलं. आमच्याकडे लिंकच्या प्रचाराला दोघं आली, तीही घोषणा-बिषणा न देता. जिन्यातच विचारलं, ‘भाडं किती भरता? हीटिंगचं बिल किती आलं?’ आणि वहीत लिहून घेतलं. लिंकला ८.८ टक्के पडले. वागेनक्नेश्ट यांचा पक्ष संसदेत शिरायला लागणाऱ्या पाच टक्क्यांच्या अटीत साधारण साडेनऊ हजार मतांनी अडकला. निकालाच्या नकाशात जवळजवळ अख्खं आमचं सॅक्सनी राज्य एएफडीचं निळं आणि दक्षिण लायप्झिग तेवढं लिंकचं लाल.

आता बेरीज करा. ६३० जागांत एएफडीच्या १५२, लिंकच्या ६४. एकूण २१६, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त. घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे यांच्यापैकी एकाला तरी सोबत घेतल्याशिवाय ती होत नाही आणि मेर्त्स यांच्या पक्षाचा ठराव आहे की दोघांशीही हातमिळवणी नाही! म्हणून मार्चमध्ये घटनेतली सरकारी कर्जाची मर्यादा सैल करायला त्यांनी मावळती संसदच बोलावली; तिथे या दोघांशिवाय दोन तृतीयांश जमत होतं. मे महिन्यात चॅन्सेलरपदाच्या, म्हणजे आपल्याकडच्या पंतप्रधानपदासारख्या पदाच्या, निवडीच्या पहिल्या फेरीत मेर्त्स यांना सहा मतं कमी पडली. त्याच दिवशी दुसरी फेरी घ्यायलाही दोन तृतीयांश लागत होते, म्हणून लिंकची संमती लागली; त्या फेरीत ते निवडून आले. तेव्हा तो ठराव कुणाला आठवला नाही.

माझा अंदाज विचाराल, तर पूर्वेकडच्या एखाद्या राज्यात एएफडीचा मुख्यमंत्री होऊ शकतो. चॅन्सेलर एवढ्यात नाही. पण असं अडून अडून चालणारं सरकार लोकांना किती दिवस सोसवेल, याची मला जास्त धास्ती आहे. त्या वैतागाची मतं एएफडीलाच पडतात. लिंकच्या वाट्याला त्यातली थोडीच येतील, तीही शहरातल्या भाडेकरूंची.