बिटातले काळे डाग आणि माती परीक्षणाचा कागद

पाला हिरवागार, कंदही बऱ्यापैकी भरलेला. पण बीट कापलं की आत बुचासारखे काळपट डाग. व्यापाऱ्याने दोन-तीन कापून बघितले आणि पोतं बाजूला सरकवलं.

खताच्या दुकानात उत्तर तयारच होतं. "कंदाचं पीक आहे, पालाश टाका. किती गोण्या काढू?" पानात तयार झालेली साखर कंदापर्यंत पोचवायला पालाश, म्हणजे पोटॅश, लागतं, हे खरंच. पण दख्खनच्या काळ्या जमिनीत ते बहुधा आधीपासूनच भरपूर असतं. मी गोणी न घेता माती तपासायला दिली.

नमुना काढणं हेच खरं काम. बांध, उकिरडा, झाडाची सावली सोडून वावरात नागमोडी फिरायचं, ठिकठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची. सगळी एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, अर्धा किलो उरेपर्यंत हेच. माती सावलीत वाळवायची आणि खताच्या रिकाम्या गोणीत अजिबात भरायची नाही. सूक्ष्म अन्नद्रव्यांची तपासणी मुद्दाम मागून घ्या, कारण माझं उत्तर तिथेच सापडलं.

सामू (pH) 8.2, चुनखडी जास्त, सेंद्रिय कर्ब कमी, पालाश भरपूर, बोरॉन कमी. हे बोरॉन पिकाला अगदी थोडं लागतं, पण कमी पडलं की बिटात असेच काळे डाग पडतात. चुनखडीच्या जमिनीत बोरॉन असलं तरी मुळांना सहज मिळत नाही, आणि पाण्याची ओढ बसली की आणखी अडतं. झाडात ते जुन्या पानातून नव्याकडे फारसं सरकत नाही, म्हणून मधली कोवळी पानं आधी वेडीवाकडी होतात. तशी पानं माझ्या वाफ्यात होती. मी ती किडीची समजत होतो.

पुढच्या लागणीला दहा गुंठ्यांत एक किलो बोरॅक्स टाकलं. त्यात बोरॉन साधारण 11 टक्के, म्हणजे हेक्टरी एक किलोच्या आसपास. एवढंसं सारखं पसरावं म्हणून चाळलेल्या कुजक्या शेणखतात कालवून घेतलं. इथे हात सैल सोडून चालत नाही. बोरॉन पुरेसं आणि घातक यांत अंतर फार थोडं असतं. पालाश दिलंच नाही. युरिया एकदम न देता अर्धा पेरणीला, अर्धा विरळणीनंतर दिला, कारण युरियातलं नत्र (नायट्रोजन) एकदम मिळालं की बीट पाल्यातच रमतं. विरळणी मात्र टाळता येत नाही, बिटाच्या बियांच्या एकेका गोंड्यातून दोन-तीन रोपं उगवतात.

या खेपेला काढणीत कापून पाहिलेली बिटं बहुतेक स्वच्छ निघाली. डाग दिसले ते वरच्या कोपऱ्यात, जिथे पाणी नीट चढत नाही. तिथे बोरॉन वाढवण्याआधी पाट सरळ करणार आहे. आता त्या वावरात घेवडा आहे. घेवड्याला जादा बोरॉन सोसत नाही, त्यामुळे पुन्हा माती तपासल्याशिवाय बोरॅक्सचा डबा उघडायचा नाही.